आयसी५० चांगला आला, पण परजीवी कुठे मेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या प्रकल्पात एका वनस्पतीतून फ्लॅव्होनॉइड वर्गातलं एक संयुग वेगळं केलं. काळा आजाराच्या (वाळूमाशी चावल्याने पसरणाऱ्या रोगाच्या) परजीवीवर, म्हणजे लेशमॅनिया डोनोव्हानीच्या प्रॉमॅस्टिगोट या रूपावर, त्याचा आयसी५०, म्हणजे निम्मे परजीवी रोखणारी मात्रा, ३ मायक्रोमोलर आला. परजीवीच्या ट्रायपॅनोथायोन रिडक्टेस या विकरावर (एन्झाइमवर) डॉकिंगचा, म्हणजे संयुग तिथे किती नीट बसेल याच्या संगणकी अंदाजाचा, स्कोअरही छान आहे. याचं औषध होईल का? पुढचा प्रयोग कोणता करू? आणि असे ढीगभर पेपर निघत असताना नवी औषधं इतकी कमी का?

मी वीसेक वर्षं याच परजीवीवर संयुगं तपासत आले आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: बहुधा नाही. वाईट वाटून घेऊ नका, हे उत्तर माझ्या हातून गेलेल्या जवळजवळ प्रत्येक संयुगाला लागू पडलं आहे. ते 'नाही' लवकर आणि स्वस्तात कसं कळवून घ्यायचं, हे शिकायलाच मला निम्मी नोकरी लागली. म्हणून दुसऱ्या प्रश्नावर जास्त लिहिते.

तुम्ही ज्याला मारलंत तो परजीवी रुग्णाच्या शरीरात राहतच नाही. प्रॉमॅस्टिगोट हे वाळूमाशीच्या आतड्यातलं रूप. लांबट, शेपटीवाला, २६ अंशांवर मजेत पोहणारा. माशी चावली की तो माणसाच्या मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीत, शिरतो, शेपूट आवरतो, गोल होतो आणि अमॅस्टिगोट बनतो. आकार जेमतेम २ ते ४ मायक्रॉन. घर कुठे? तर ज्या पोकळीत मॅक्रोफेज एरवी जंतू पचवतात, बरोबर तिथे. सामू (पीएच) ५ च्या आसपास, तापमान ३७ अंश, भोवती पाचक विकरं. वाळूमाशीत साखरेवर जगणारा हा प्राणी इथे येऊन आपली चयापचयाची घडीच बदलतो. तेव्हा प्रॉमॅस्टिगोटवरचा आयसी५० म्हणजे बेडकाच्या पिल्लावर प्रयोग करून बेडकाबद्दल बोलण्यासारखं आहे. नातं आहे, पण पाण्यातला आणि जमिनीवरचा श्वास वेगळा.

यावरचं माझं आवडतं उदाहरण अँटिमनीचं आहे. उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी कोलकात्याच्या कॅम्पबेल हॉस्पिटलातल्या छोट्याशा खोलीत १९२० च्या सुमारास युरिया स्टिबामाइन तयार केलं. ज्या रोगात बहुतेक रुग्ण दगावायचे त्यात बहुतेक वाचायला लागले. पुढे सोडियम स्टिबोग्लुकोनेट आलं आणि कित्येक दशकं तेच मुख्य औषध राहिलं. ही सगळी पंचसंयुजी अँटिमनीची संयुगं. गंमत अशी की पंचसंयुजी अँटिमनी प्रॉमॅस्टिगोटला जवळजवळ काहीच करत नाही. ती मॅक्रोफेजच्या आणि अमॅस्टिगोटच्या आत जाऊन त्रिसंयुजी होते, तेव्हा विष बनते. पण बाजारातल्या इंजेक्शनची बाटली थेट प्रॉमॅस्टिगोटवर ओतली तर ते मरायचे. कशामुळे? शोध घेतल्यावर कळलं की मारणारा होता क्लोरोक्रेसॉल, म्हणजे औषध टिकावं म्हणून त्यात घातलेला परिरक्षक! म्हणजे या चाचणीने खऱ्या औषधाला नापास केलं असतं आणि परिरक्षकाला पहिला नंबर दिला असता. नवीन विद्यार्थी आला की मी त्याला आधी ही गोष्ट सांगते, पिपेट नंतर देते.

म्हणून पुढचा प्रयोग एकच: मॅक्रोफेजमधल्या अमॅस्टिगोटवर. टीएचपी-१ या कल्चरमधल्या मानवी पेशी वापरा किंवा उंदराच्या पोटातून काढलेले मॅक्रोफेज, जे हाताशी असेल ते. स्टेशनरी फेजमधले, म्हणजे वाढ थांबलेल्या कल्चरमधले, परजीवी घ्या, एका पेशीला साधारण १० या प्रमाणात, रात्रभर संसर्ग होऊ द्या, उरलेले धुऊन टाका, मग संयुग घाला आणि ७२ तास थांबा. तुमचा स्ट्रेन प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिढ्यांमागून पिढ्या कल्चरमध्ये वाढवलेला असेल तर आधी त्याकडे बघा. असे परजीवी बाटलीत जोमाने वाढतात, पण पेशीला संसर्ग करायचं विसरतात. हॅमस्टरमधून ताजे काढलेले किंवा कमी पॅसेजचे गोठवून ठेवलेले मिळाले तरच या प्रयोगाला अर्थ आहे.

मोजणी मात्र डोळ्यांनी करा, निदान पहिले काही महिने. आता यंत्रं चित्र काढून आपणच आकडे देतात आणि ती उत्तम आहेत, पण ज्याने स्लाइडवर अमॅस्टिगोट ओळखलेला नाही त्याला यंत्राची चूक कळत नाही. जिम्सा रंग दिलेली स्लाइड तेलाच्या भिंगाखाली घ्या. मॅक्रोफेजचं मोठं जांभळं केंद्रक दिसेल, त्याच्या बाजूला फिकट निळ्या भागात बारीक ठिपके. प्रत्येक ठिपक्यात दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत: एक गोल केंद्रक आणि त्याच्याशेजारी लहानशी गडद काडी. ती काडी म्हणजे कायनेटोप्लास्ट, परजीवीच्या एकुलत्या एक मायटोकाँड्रियातला डीएनएचा गठ्ठा. काडी दिसली तर अमॅस्टिगोट. दिसली नाही तर रंगाचा कण असेल, खाल्लेला कचरा असेल, काहीही असेल, मोजू नका. मी पहिल्या वर्षी रंगाचे कण इमानेइतबारे मोजले होते आणि कंट्रोलमध्ये संसर्ग १०० टक्के आला म्हणून खूशही झाले होते.

त्याच स्लाइडवर आणखी एक आकडा लिहून ठेवायचा, जो लोक हमखास विसरतात: एका दृष्टिक्षेत्रात मॅक्रोफेज किती उरले. हे मी १४ महिने घालवून शिकले. आमच्याकडे एक संयुग होतं, नाव सांगण्यासारखं त्यात काही नाही. १०० मॅक्रोफेजमागे अमॅस्टिगोटची संख्या ते दहाव्या हिश्शावर आणायचं. आलेख इतका सुंदर की तो दाराला चिकटवला होता. निरोगी पेशींवर विषारीपणाची चाचणीही केली होती, त्यात काही नव्हतं. आम्ही त्याची वीसेक भावंडं बनवली, हॅमस्टरपर्यंत गेलो आणि तिथे शून्य. मग एका सहकाऱ्याने जुन्या स्लाइड काढून नुसते मॅक्रोफेज मोजले. कंट्रोलच्या एक तृतीयांश उरले होते. संसर्ग झालेल्या, आधीच आजारी असलेल्या पेशी संयुगाने मारून टाकल्या होत्या, त्या गळून धुण्यात वाहून गेल्या आणि मागे उरल्या त्या मुळात संसर्ग न झालेल्या. आम्ही त्यांनाच 'बऱ्या झालेल्या' समजत होतो. विषारीपणा का दिसला नाही? कारण ती चाचणी २४ तासांची होती आणि परजीवीची ७२ तासांची. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून नियम आहे: विषारीपणा त्याच पेशीवर, तेवढ्याच वेळासाठी, त्याच माध्यमात.

पेशीला मारणारी मात्रा आणि परजीवीला मारणारी मात्रा, या दोन आकड्यांचं गुणोत्तर म्हणजे सिलेक्टिव्हिटी इंडेक्स. सर्वसाधारणपणे अमॅस्टिगोटवर १० मायक्रोमोलरच्या खाली आणि पेशीपेक्षा परजीवी निदान १० पट जास्त संवेदनशील, एवढं असेल तर लोक त्याला 'हिट' म्हणतात. हिट म्हणजे फक्त पुढे बघण्याजोगं काहीतरी. त्याचं लीड, म्हणजे औषधाचा खरा उमेदवार, व्हायला उंदरात किंवा हॅमस्टरमध्ये परजीवींचा भार निदान ७० टक्क्यांनी उतरावा लागतो, आणि लीडचं औषध व्हायला काय काय लागतं ते पुढे येईल.

आता तुमच्या संयुगाबद्दल. फ्लॅव्होनॉइड म्हटल्यावर माझ्या कपाळावर आठी पडते, ती वनस्पतींबद्दल आकस म्हणून नाही. आर्टेमिसिनिन वनस्पतीतूनच आलं आणि त्यासाठी थू योयो यांना २०१५ चं नोबेल मिळालं. अडचण या विशिष्ट रसायनांची आहे. शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असलेली फिनॉल संयुगं जवळपास प्रत्येक चाचणीत काहीतरी करतात: प्रथिनांना चिकटतात, धातूचे आयन पकडतात, माध्यमात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, स्वतःचे गोळे बनवून त्यात विकर अडकवून ठेवतात. औषधरसायनशास्त्रात अशा सर्वत्र पॉझिटिव्ह येणाऱ्या मंडळींना पेन्स म्हणतात. कर्क्युमिन हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव. त्यावर हजारो पेपर आहेत आणि अजून त्याचं एकही मान्यताप्राप्त औषध झालेलं नाही.

तुम्ही जिवंत परजीवी मोजायला एमटीटी हे रंगद्रव्य वापरलं असेल तर फ्लॅव्होनॉइड स्वतःच एमटीटीला जांभळं करू शकतं, परजीवी असो वा नसो. रेझाझुरिन हे दुसरं रंगद्रव्य वापरलं असेल तर रंगीत संयुग प्रकाश शोषून घेऊन चमक कमी दाखवू शकतं आणि परजीवी मेल्याचा भास होतो. यावर उपाय एका दुपारचा आहे. एका रांगेत परजीवी न घालता फक्त माध्यम, संयुग आणि रंगद्रव्य घाला आणि वाचन घ्या. आकडा हलला तर तुमचा ३ मायक्रोमोलर पुन्हा मोजावा लागेल, हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या काचेवर), एकेक शेपटी मोजत.

आणि रीडरमध्ये टाकण्याआधी प्लेट उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बसा. वरच्या मात्रांच्या वेलमध्ये सुयांसारखे स्फटिक किंवा वाळूसारखा थर दिसला तर संयुग विरघळलेलंच नाही आणि तुम्ही लिहिलेली मात्रा खरी नाही. माध्यमात डीएमएसओ हा द्रावक ०.५ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका. दर प्लेटवर अँफोटेरिसिन बी आणि मिल्टेफोसिन ही वापरातली दोन्ही औषधं कंट्रोल म्हणून ठेवा. त्यांचे आकडे आठवड्यागणिक इकडेतिकडे पळत असतील तर तुमच्या संयुगाच्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार? शुद्धता एचपीएलसी या पृथक्करणाच्या यंत्रावर ९५ टक्क्यांच्या वर हवी. वनस्पतीतून वेगळ्या केलेल्या नमुन्यात २ टक्के एखादं जहाल अल्कलॉइड असेल तर सगळं श्रेय तुमच्या फ्लॅव्होनॉइडला फुकट मिळतं.

डॉकिंगवर फार वेळ घालवत नाही. लक्ष्याची निवड तत्त्वतः चांगली आहे. माणसाच्या पेशी ग्लुटाथायोनवर भागवतात, हे परजीवी ट्रायपॅनोथायोन वापरतात. १९८५ मध्ये फेअरलॅम आणि सेरामी यांनी ते ओळखलं तेव्हा वाटलं होतं की आता दार उघडलं. त्याला ४० वर्षं झाली आणि या विकरावर नेम धरून बनवलेलं एकही औषध रुग्णापर्यंत पोचलेलं नाही. त्याची सक्रिय जागा रुंद, उघडी, तेलकट आहे, त्यामुळे डॉकिंगच्या प्रोग्रॅमला तिथे काहीही बसवता येतं. शिवाय झोपेच्या आजाराच्या ट्रायपॅनोसोमात हे विकर जनुकीय पद्धतीने कमी करून पाहिलं, तर ते १० टक्क्यांच्या खाली उतरेपर्यंत परजीवीचं रोजचं चालू होतं. म्हणजे औषधाने ते जवळजवळ पूर्ण बंद पाडायला हवं, तेही सतत. स्कोअर उणे ९ आला काय नि उणे ११ आला काय, हे त्यात दिसत नाही. सगळं अंदाजपंचे. निदान शुद्ध विकरावर चाचणी करा, आणि तीत थोडं ट्रायटन हे डिटर्जंट घालून पुन्हा करा. डिटर्जंट घातल्यावर परिणाम गायब झाला तर तो वर सांगितलेल्या, विकर अडकवणाऱ्या गोळ्यांचा खेळ होता.

गेल्या १५ वर्षांत या रोगासाठी जी खरोखर आशादायक संयुगं आली ती बरीचशी उलट्या वाटेने आली आहेत: आधी अख्खा परजीवी मारून बघा, लक्ष्य नंतर शोधा. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने आपल्या साठ्यातली १८ लाख संयुगं तीन परजीवींवर चाळली: लेशमॅनिया डोनोव्हानी, शागास आजाराचा ट्रायपॅनोसोमा क्रूझी आणि झोपेच्या आजाराचा ट्रायपॅनोसोमा ब्रुसी. शेवटी प्रत्येकासाठी जेमतेम २०० च्या आसपास संयुगांची पेटी उरली, आणि ती माहिती २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली गेली. नोव्हार्टिसच्या संशोधकांनी ३० लाख संयुगांतून एक हिट उचललं, त्याच्याभोवती सुमारे ३,००० नवी संयुगं बनवली आणि त्यातून जीएनएफ६७०२ निघालं, जे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. ते कशावर काम करतं? प्रतिरोधक परजीवी वाढवून त्यांचे जनुक वाचल्यावर कळलं की प्रोटिओसोमवर, म्हणजे पेशीतली नको असलेली प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रणेवर. माणसालाही प्रोटिओसोम असतो, आणि पाठ्यपुस्तकाच्या न्यायाने हे लक्ष्य पहिल्याच बैठकीत बाद झालं असतं. पण संयुग परजीवीच्या प्रोटिओसोमवर बसतं आणि आपल्यावर नाही. त्याच घराण्यातलं एलएक्सई४०८ आता भारत आणि इथिओपियात रुग्णांवरच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांपर्यंत आलं आहे. डंडी विद्यापीठ आणि ग्लॅक्सो यांचं सीआरके१२ या कायनेज प्रकारच्या विकरावरचं संयुग २०१८ मध्ये जाहीर झालं, तेही याच पद्धतीने सापडलेलं.

हे आकडे धीर खचवायला सांगत नाही. ३० लाखांतून एक निघतं, तर एका झाडातलं एक संयुग थेट औषध होण्याची शक्यता किती, याचा अंदाज असावा एवढंच. मात्र तुमच्या संयुगाचा सांगाडा जर कुणाच्याच साठ्यात नसेल, तर तुम्ही त्या ३० लाखांच्या बाहेरचं काहीतरी हातात धरून बसला आहात, आणि ती खरी जमेची बाजू आहे. क्वेर्सेटिन या सर्वत्र सापडणाऱ्या फ्लॅव्होनॉइडची सख्खी बहीण असेल तर नाही.

समजा अमॅस्टिगोटवरही ते चाललं. तरी शरीरात ते पोचणार कसं? रक्तातून यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा. मग मॅक्रोफेजचं आवरण, मग पोकळीचं आवरण, मग परजीवीचं स्वतःचं. वर ती पोकळी आम्लधर्मी. सौम्य आम्लारी संयुगं तिथे आपोआप साठतात, कारण आत गेल्यावर त्यांच्यावर भार चढतो आणि बाहेर पडता येत नाही. आम्लधर्मी फिनॉलच्या बाबतीत हा फायदा मिळत नाही. त्यात बहुतेक फ्लॅव्होनॉइड तोंडाने घेतल्यावर आतड्याची भिंत आणि यकृत त्यांना ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट जोडून झटपट वाटेला लावतात. म्हणून प्राण्यात परिणाम बघण्याआधी यकृताच्या मायक्रोसोममध्ये (यकृतपेशींतून काढलेल्या विकरांच्या अर्कात) संयुग किती मिनिटं टिकतं ते बघा, नंतर दोन-तीन उंदरांच्या रक्तात ते किती तास दिसतं ते बघा. दहा मिनिटांत निम्मं संपत असेल तर हॅमस्टरचा प्रयोग करू नका. तो महाग आहे, दोन-तीन महिने खातो, आणि उत्तर तुम्हाला आधीच मिळालेलं असतं. जिवंत प्राणी वापरायचे असतील तर एवढा हिशेब आधी करायलाच हवा.

हॅमस्टर का, तर त्यात हा रोग माणसासारखा वाढत जातो. प्लीहा सुजते, वजन घटतं, प्राणी दगावतो. बाल्ब-सी वाणाचा उंदीर सोपा आहे पण तो फसवा, कारण काही आठवड्यांनी त्याचं यकृत स्वतःच्या प्रतिकारशक्तीने संसर्ग आटोक्यात आणतं, आणि तुम्ही उशिरा मोजलंत तर त्याचं श्रेयही औषधाला मिळतं. प्लीहेचा तुकडा काचेवर ठसवायचा, रंग द्यायचा, पेशींच्या केंद्रकांमागे अमॅस्टिगोट मोजायचे आणि अवयवाच्या वजनाने गुणायचं: याला लेशमन-डोनोव्हान युनिट म्हणतात. पद्धत जुनी आहे, पण अजून चालते.

यानंतरचा सापळा सगळ्यात कडू. परजीवी कमी होणं आणि संपणं यात फरक आहे. काळा आजारात रुग्ण बरा झाला असं उपचार संपल्याच्या दिवशी म्हणत नाहीत, त्यानंतर ६ महिने थांबून म्हणतात. ताप गेला, प्लीहा उतरली, भूक लागली, आणि पाचव्या महिन्यात सगळं परत, असं होतं. फेक्सिनिडाझोलचं बघा. हे होएक्स्टने बनवून सत्तर-ऐंशीच्या दशकात बाजूला ठेवलेलं नायट्रोइमिडाझोल. डीएनडीआय या २००३ मध्ये सुरू झालेल्या ना-नफा संस्थेने ते जुन्या साठ्यातून उकरून काढलं, आणि झोपेच्या आजारासाठी पूर्णपणे तोंडाने घ्यायचं पहिलं औषध म्हणून २०१८ मध्ये त्याला युरोपीय औषध नियामकाची अनुकूल शिफारस मिळाली. तिथे आधी मेलार्सोप्रॉल हे आर्सेनिकचं इंजेक्शन होतं, ज्याने साधारण २० पैकी १ रुग्ण उपचारानेच मरायचा. म्हणजे केवढी मोठी उडी! तेच फेक्सिनिडाझोल सुदानमध्ये काळा आजाराच्या रुग्णांवर वापरून पाहिलं तर सुरुवातीला उतार पडला आणि मग रोग उलटला. उंदरात ते उत्तम चाललं होतं.

शागास आजारात पोसाकोनाझोलची गत अशीच झाली. बशीत आणि उंदरात दृष्ट लागण्याजोगं. २०१४ मध्ये रुग्णांवरचे निकाल आले तेव्हा उपचार थांबल्यावर बहुतेकांच्या रक्तात परजीवीचा डीएनए पुन्हा दिसू लागला. त्या धक्क्यानंतर प्रयोगशाळांनी आपल्या चाचण्या बदलल्या: संयुग घालायचं, नंतर ते धुऊन टाकायचं, आणि आठवडा-दोन आठवडे परजीवी डोकं वर काढतो का बघत बसायचं. तुम्हीही हे करू शकता, त्याला फक्त चिकाटी आणि इन्क्युबेटरमधली जागा लागते. एखादं संयुग ७२ तासांत ९५ टक्के साफ करतं, पण धुतल्यावर दहाव्या दिवशी पेशी पुन्हा भरलेल्या दिसतात, तर त्याने परजीवी झोपवला होता, मारला नव्हता.

तिसरा प्रश्न, औषधं कमी का. पैसा हे एक कारण आहेच: रुग्ण गरीब, बाजार लहान. ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरं कारण कमी बोललं जातं. औषध आलं तरी ते टिकवता येत नाही, आणि एका ठिकाणचं दुसरीकडे चालेलच असं नाही. उत्तर बिहारमध्ये अर्धवट डोस आणि चुकीच्या उपचारांमुळे अँटिमनी निकामी होत गेली. नव्वदच्या दशकात तिथल्या निम्म्याहून जास्त रुग्णांना ती लागू पडेनाशी झाली. मग मिल्टेफोसिन आलं. मूळचं कर्करोगासाठी बनवलेलं, काळा आजारावरचं तोंडाने घ्यायचं पहिलं औषध, भारतात २००२ मध्ये नोंदणी, सुरुवातीच्या चाचणीत ९४ टक्के यश. पण ते शरीरातून निम्मं उतरायलाच आठवडा लागतो, त्यामुळे उपचार संपल्यावर कितीतरी दिवस अपुरी मात्रा रक्तात रेंगाळते आणि परजीवीला सरावाला वेळ मिळतो. प्रयोगशाळेत तर औषध आत घेणाऱ्या वाहक प्रथिनातला एक बदल प्रतिकारासाठी पुरतो. गर्भाला अपाय होतो म्हणून स्त्रियांना उपचारानंतरही महिनोन्‌महिने गर्भनिरोधन लागतं. दहाएक वर्षांनी नेपाळमधल्या एका अभ्यासात वर्षभरात २० टक्के रुग्णांत रोग उलटलेला दिसला.

आज भारतात मुख्य उपचार म्हणजे लायपोसोमल अँफोटेरिसिन बी, वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, शिरेतून, एकाच दिवशी. २०१० मध्ये बिहारमधल्या चाचणीत ९५ टक्क्यांवर रुग्ण यामुळे बरे झाले. जुनंच बुरशीविरोधी औषध, पण चरबीच्या कणांत भरल्यामुळे मॅक्रोफेज ते स्वतःहून गिळतात, म्हणजे पोचवण्याचा प्रश्न परजीवीच्या घरमालकाकडूनच सोडवून घेतलेला. मला हे फार देखणं वाटतं. मात्र हाच एक डोस पूर्व आफ्रिकेत तितकासा चालत नाही. तिथे अनेक वर्षं अँटिमनी आणि पॅरोमोमायसिनची १७ दिवस इंजेक्शनं द्यावी लागली, आणि अलीकडे मिल्टेफोसिन-पॅरोमोमायसिनची १४ दिवसांची जोडी पुढे आली आहे. परजीवीची जात तीच. फरक कशामुळे, यावर लोक अजून काम करताहेत.

भारतात १९९२ साली सुमारे ७७ हजार रुग्ण नोंदले गेले होते, आता वर्षाला हजाराच्या आत. चांगली गोष्ट आहे, पण मग नवं औषध कुणासाठी? काळा आजार बरा झाल्यावर महिन्यांनी-वर्षांनी ज्यांच्या त्वचेवर चट्टे उठतात त्यांच्यासाठी, असं माझं मत आहे. त्यांना फारसा त्रास होत नाही, म्हणून ते दवाखान्यात येत नाहीत, आणि वाळूमाशी त्यांच्याकडून परजीवी उचलते. त्यांना १२ आठवडे मिल्टेफोसिन द्यावं लागतं, आणि त्यात डोळ्यांना अपाय होण्याची भीती असते. चालत्याफिरत्या माणसाला द्यायचं औषध अतिशय सुरक्षित हवं आणि ते त्वचेत पोचायला हवं. तुमचं संयुग त्वचेत साठतं का, हा प्रश्न प्लीहेइतकाच मोलाचा आहे.

आता पेपर. मार्गदर्शक म्हणताहेत तर लिहा, प्रकल्पाची मुदत मलाही कळते. शीर्षकात 'प्रॉमॅस्टिगोटवरील क्रियाशीलता' एवढंच म्हणा, 'संभाव्य औषध' म्हणू नका. डॉकिंगचं चित्र घालायचं तर शेवटी घाला. आणि पेपर पाठवण्याआधी दोन कामं करा. परजीवीविना रंगाची ती रांग उद्याच लावा. मॅक्रोफेजच्या स्लाइड तयार झाल्या की त्यांच्यावरची नावं कागदाने झाकून दुसऱ्या कुणाकडून आकडे टाकून घ्या, आणि कोणती स्लाइड कशाची हे सगळी मोजणी वहीत उतरल्यावरच उघडा. काडी दिसली तरच मोजायचं, हे लक्षात असू द्या.